माळरान म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे

‘जगातली गवताळ मैदानं मुळात जंगलंच होती. माणसानं ती तोडली. मोकळी सोडली की जंगल आपोआप परत येईल, झाडं लावली तर हवामानही सुधारेल.’ हा मजकूर सतत फिरतो आहे. हेतू चांगला असेलही, पण तो खरा मानून खड्डे खणले तर जितीजागती परिसंस्था मारली जाते.

‘मुळात जंगलंच होती’ हे बहुतेक ठिकाणी चूक आहे. उष्ण प्रदेशांतली गवतं साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी आफ्रिका, दक्षिण आशिया आणि अमेरिकेत पसरली. त्या काळच्या चरणाऱ्या प्राण्यांच्या दातांच्या जीवाश्मांत याचा रासायनिक पुरावा सापडतो. आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची. जंगल तोडून झालेली कुरणंही आहेत, विशेषतः दमट प्रदेशांत. ती वेगळी ओळखायला हवीत.

‘मोकळी सोडली की जंगल’ या समजुतीमागे जुना सिद्धांत आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये मांडलं, की प्रत्येक हवामानात वनस्पतींची वाटचाल एकाच अंतिम अवस्थेकडे होते. पाऊस आणि तापमान चौकट ठरवतात, हे खरंच. कोरड्या भागात पाणीच झाडांना दाट होऊ देत नाही. पण पुरेसा पाऊस पडतो तिथंही वणवा आणि चराई निर्णायक ठरतात. पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटी या गवताळ प्रदेशाचंच पाहा. १८९० च्या सुमारास गुरांच्या बुळकांडी रोगाच्या साथीनं तिथले विल्डबीस्ट (कळपानं चरणारे मोठे हरणवर्गीय प्राणी) मोठ्या संख्येनं मेले. पुढं गुरांच्या लसीकरणानं रोग हटला आणि १९६० च्या दशकारंभी तीन लाखांहून कमी असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाअखेर तेरा लाखांच्या घरात गेले. त्यांनी गवत फस्त केलं, वणवे कमी झाले, झाडं वाढली. एका विषाणूच्या जाण्यानं साऱ्या प्रदेशाचं रूप पालटलं! मग तिथली ‘अंतिम अवस्था’ कोणती म्हणायची?

राहिला हवामान सुधारण्याचा मुद्दा. गवताळ प्रदेशांतला बहुतांश कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणव्यापासून बराचसा सुरक्षित. लावलेल्या झाडांतला कार्बन एका आगीत हवेत जाऊ शकतो. शिवाय झाडं पाणी ओढतात. दक्षिण आफ्रिकेत झुडपी आणि गवताळ डोंगरांवर पाइन लावल्यावर ओढ्यांचं पाणी घटलं, हे अनेक दशकांच्या मोजमापांतून दिसलं. तिथलं सरकार १९९५ पासून पाण्यासाठी अशी परकी झाडं तोडण्याचा कार्यक्रम राबवत आहे.