अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह म्हणजे लगेच गोळी नव्हे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अँटी-टीपीओ या थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडींच्या रक्ततपासणीबद्दल फिरतंय: ‘अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आलं की थायरॉईडची गोळी सुरू करा, आकडा उतरेपर्यंत दरमहा तपासा.’ हे चूक आहे. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उलटली आहे, एवढंच ही तपासणी सांगते. ग्रंथीचं काम कसं चाललंय ते टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) आणि फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) यांच्या रक्ततपासणीवरून कळतं. गोळीही त्यावरूनच ठरते. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या २० वर्षांच्या पाहणीत, टीएसएच नॉर्मल पण अँटीबॉडी असलेल्या बायकांपैकी वर्षाला साधारण २ टक्के जणींचंच थायरॉईड मंदावलं. तेव्हा वर्षातून एकदा टीएसएच करा. अँटी-टीपीओवर पुन्हा पुन्हा पैसे घालवू नका. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल, तर मात्र हा रिपोर्ट डॉक्टरांना आधीच दाखवा. तेव्हा टीएसएच जास्त वेळा बघावा लागतो.