ती तरस कोण आहे?

अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टनवरचा तुमचा लेख मनापासून आवडला. फक्त तिचं १९३७-३८चं आत्मचित्र ‘घोडा म्हणजे स्वातंत्र्य, तरस म्हणजे बंडखोरी’ एवढ्यावरच आटोपलंत, ते खटकलं. त्या तरसाकडे जरा थांबून बघा. मादी आहे, आचळं दुधाने भरलेली. लिओनोराने हात जसा पुढे केलाय, तीच ढब तिच्या पुढच्या पायांत आहे. दोघीही थेट आपल्याकडे बघताहेत. आणि लिओनोराचे ते पिंजारलेले केस! आयाळच ती. मला तर ती एकच बाई दोन अंगांनी काढलेली वाटते.

घोडेही दोन आहेत, हे लेखात आलंच नाही. तिच्या डोक्यामागे भिंतीवर लहान मुलांचा झुलता घोडा, आणि खिडकीबाहेर तसाच पांढराशुभ्र, पण सुसाट उधळलेला. तिची तुमानही पांढरीच, घोडेस्वारीची. इंग्लंडमधल्या लँकशरच्या श्रीमंत गिरणीमालकाची ही मुलगी आयरिश आईच्या आणि दाईच्या गोष्टी ऐकत वाढली, कॉन्व्हेंट शाळांतून काढली गेली. हे प्राणी तिला तिथेच भेटले असावेत. प्रतीकांच्या कोशात बघून त्यांचे अर्थ लावता येत नाहीत. पुढच्या भागात तिच्या मेक्सिकोतल्या चित्रांवर सविस्तर लिहाल का?