आधी भेटीचा आदेश द्या, मग वर्षानुवर्षं भांडा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. कोर्टाची पायरी चढायचं मला काही कारण नाही. पण सोलापुरात नवरा-बायकोचं फाटलं की दोघं कोर्टाच्या आधी शाळेच्या ऑफिसात येतात. आईला बोनाफाईड हवं असतं, बापाला दाखला. का, तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 9 प्रमाणे मूल एरवी जिथं राहतं तिथल्याच कोर्टात ताब्याचा अर्ज चालतो. बाप हिंजवडीत नोकरीला, आई इथं माहेरी. मग पोरगं पुण्याचं की सोलापूरचं, यावरच आधी महिनोन्‌महिने वाद. आमच्या जनरल रजिस्टरातला एका ओळीचा पत्ता अचानक पुरावा होऊन बसतो.

तेवढ्या वेळात पोरगं जिथं आहे तिथं रुळतं. मित्र होतात, शाळा अंगवळणी पडते, दुसऱ्या पालकाशी बोलायला लाजायला लागतं. शेवटी कोर्ट म्हणतं, आता रमलंय, हलवू नका. तसं म्हणणं चूकही नसतं. पण मग ताबा तारखांनीच ठरवून टाकला की!

माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलांच्या प्रकरणात ज्यांना आपण किरकोळ, 'प्रोसिजरचे' आदेश म्हणतो तेच खरे निकाल असतात. पुढची तारीख कधीची, 'से', म्हणजे समोरच्याचं लेखी म्हणणं, दाखल करायला किती मुदत, समुपदेशकांचा अहवाल कधी येणार, भेट कोर्टात की घरी. निकालपत्र फार नंतर येतं, आणि तोवर मूल सातवीत गेलेलं असतं.

सुट्टीचंच घ्या. बाप एप्रिलमध्ये अर्ज करतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल पंधरा दिवस माझ्याकडं द्या म्हणून. नोटीस निघते. समोरचे वकील से साठी वेळ मागतात, मिळतो. मग मे महिन्यात कोर्टालाच सुट्टी. जूनमध्ये अर्ज बोर्डावर येतो तेव्हा शाळा उघडायची वेळ झालेली. अर्ज निष्फळ, निकाली. कुणी अन्याय केला म्हणावं? कागदावर कुणीच नाही. शेवटच्या पेपरच्या दिवशी वर्गातला एक पोरगा पट्टी-पेन्सिल दप्तरात भरता भरता मला विचारत होता, "बाई, मी सुट्टीत कुठं असणार, तुम्हाला कळलंय का?" त्याला वाटलं, शाळेला सगळं कळवतात.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये 2001 साली दुरुस्ती झाली. मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा. चांगलंच आहे, फी थांबत नाही. पण त्या 60 दिवसांत ताबा आणि भेट बसत नाही. पैशाला मुदत आहे, आई-बापाचं तोंड बघायला नाही. हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

घाई नको, खोटे-खरे आरोप असतात, हे मान्य. मारहाणीचा किंवा त्याहून वाईट आरोप असेल तर आधी तपासा, भेट कुणाच्यातरी नजरेखाली ठेवा. पण ताब्याचे आदेश मुळातच बदलता येण्याजोगे असतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 1973 सालीच सांगितलंय. मग पहिल्याच तारखांना एक साधा तात्पुरता आदेश द्यायला काय हरकत आहे? दर रविवारी दोन तास आणि रोज रात्री एक व्हिडिओ कॉल, एवढा. ज्याच्याकडं ताबा नाही त्या पालकालाही मुलाशी असं बोलता आलं पाहिजे, असं त्याच न्यायालयानं 2020 च्या एका निकालात म्हटलंय.

कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, मुंबईची वारी वाचली, म्हणून आपल्याकडं सगळे खूश आहेत. मीही आहे. पण कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 19 अंतर्वर्ती, म्हणजे निकालाआधीच्या मधल्या, आदेशांवर अपील देत नाही. म्हणजे इथला छोटा आदेश इथंच नीट आणि वेळेत व्हायला हवा.

वकील मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. सुट्टीचा अर्ज फेब्रुवारीतच टाका, दिवाळीचा गणपतीच्या आधी. आणि आदेश झाला की त्याची प्रत शाळेत द्यायला पक्षकाराला सांगा. शनिवारी गेटवर दोघं एकदम येऊन उभे राहतात, तेव्हा आमच्या शिपाईमामांनी पोरगं कुणाच्या हातात द्यायचं?