'एक जागरूक वाचक' यांना, ओंगोलच्या चर्चबद्दल

आंध्रातल्या ओंगोलचं बाप्टिस्ट चर्च आणि ते उभं करणारा अमेरिकन मिशनरी जॉन क्लफ यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक जागरूक वाचक' यांनी भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. त्यातलं मुख्य वाक्य हे : "क्लफनं उपाशी लोकांचा धर्म कालव्याच्या मजुरीत विकत घेतला, आणि तुम्ही त्याला समाजसेवा म्हणता. तुमचं चर्च कुठलं, ते एकदा सांगून टाका."

आधी माझी चूक. दुष्काळात क्लफनं घेतलेलं कालव्याचं काम साडेतीन मैलांचं होतं, मी किलोमीटर लिहिलं. दुरुस्त केलंय. आभार.

आता 'विकत घेतला'. किती सहज लिहून गेलात हो! जॉन क्लफ ओंगोलला आला १८६६ मध्ये. १ जानेवारी १८६७ ला चर्च स्थापन झालं तेव्हा सभासद होते आठ. दुष्काळ पडायला अजून नऊ वर्षं होती. येर्रगुंट्ला पेरय्या हा चामड्याचं काम करणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या मादिगा जातीतला माणूस चर्च स्थापन होण्याआधीच ख्रिस्ती झाला होता, आणि त्याच्यामागून त्याचे जातभाई येऊ लागले. मादिगांना घेतलं म्हणून मिशनच्या शाळेतली वरच्या जातींची मुलं निघून गेली. धर्माचा बाजारच मांडायचा होता तर हातातलं बडं गिऱ्हाईक घालवून ज्यांच्याकडे दमडी नाही अशांना कोण धरेल? शिवाय नव्या माणसाला अटी होत्या : रविवारी काम नाही, मेलेल्या जनावराचं मांस नाही, मूर्तिपूजा नाही. गावकीच्या कामावर पोट असलेल्या मादिगाला 'रविवारी येणार नाही' म्हणणं केवढ्याला पडत असेल, याचा विचार केलात?

मग १८७६-७८ चा दुष्काळ. क्लफ मूळचा जमीनमोजणीतला माणूस. त्यानं बकिंगहॅम कालव्याच्या त्या साडेतीन मैलांचं कंत्राट घेतलं आणि उपाशी माणसांना खोदाईवर लावलं. फुकट धान्य वाटलं असतं तर तुम्ही 'आमिष' म्हणाला असता. काम देऊन मजुरी दिली, तर 'खरेदी'. आणि नेमक्या याच दिवसांत, पंधरा महिने, त्यानं एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. लोक मागत होते, तरी नाही. हे माझ्या लेखात होतं. पुढे ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. तो दिला सहा तेलुगू उपदेशकांनी, एका वेळी दोघं पाण्यात, असं आळीपाळीनं.

"बाप्तिस्मा द्यायचा थांबला तरी मजुरी लोकांच्या लक्षात राहिलीच असणार," असंही तुम्ही लिहिलंय. राहिली असणारच! ज्यानं वाईट दिवसांत काम दिलं त्याला विसरायचं होतं का? यावर आणखी काय बोलायचं, मला कळत नाही.

राहिलं माझं चर्च. माझे वडील रेल्वेत होते. ओंगोलला बदली झाली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. धाकटी बहीण तिथल्याच क्लफ दवाखान्यात जन्मली. नर्सबाईंना मराठी येत नव्हतं, आईला तेलुगू. रात्रभर दोघी खुणांनी बोलल्या. आईच्या कपाळावरच्या कुंकवाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, की जाताना हातात पुस्तिका कोंबली नाही. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. एवढी माहिती पुरे, की गोत्रही कळवू?

परदेशी पैसा, ब्रिटिश सरकारशी संगनमत वगैरे मुद्द्यांना उत्तर देत नाही. ती यादी तुमच्याकडे तयारच असते, लेख कुठलाही असो.

आणि पुढच्या वेळी नाव लिहा. माझं चर्च विचारायचं आणि स्वतः 'जागरूक वाचक' म्हणून पडद्याआड बसायचं, हे बरं आहे.