मास्तरांना वठणीवर कसं आणावं

कोरोनात शाळा बंद होत्या आणि शिक्षक वर्गात यायला का-कू करत होते, तेव्हाची ही कृती. सर्वप्रथम पोहे मागवा. इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत उभं राहून, वर जीरावण मसाला भुरभुरून, मास्क हनुवटीवर ओढून मांडलेलं मत जरा जास्त ठाम वाटतं. मत असं: "मास्तर लोक घरी बसून पगार खातायत." आपण स्वतः मार्च २०२० पासून सुदामानगरच्या मागच्या खोलीत बर्म्युड्यावर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतोय, हा तपशील गाळावा. त्याला वर्क फ्रॉम होम म्हणतात. शिक्षकाने तेच मागितलं की कामचुकारपणा.

वरच्या मजल्यावरच्या बाई सरकारी शाळेत असतील तर त्या सांगू लागतील, की २०२० च्या जुलैपासून 'हमारा घर हमारा विद्यालय' ही मध्य प्रदेश सरकारची योजना सुरू झाली, सकाळी दहाला घरोघरी थाळी वाजवून शाळा भरायची आणि आम्ही मोहल्ल्यात फिरत होतो. अशा वेळी थाळीवर घसरावं. २२ मार्च २०२० ला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, राजवाड्यावर झेंडे नाचवत आपण काय वाजवली होती! विषय आपोआप बदलतो.

शिक्षक संघटनेने निवेदन दिलं, तर त्यातलं 'हवा खेळती राहायला खिडक्या उघडा' हे कलम वाचूच नये. वर्गाच्या खिडक्या खिळे ठोकून बंद आहेत हे मान्य केलं की खिळे काढायला माणूस पाठवावा लागतो. त्यापेक्षा दारात तापमानाची बंदूक बरी. ती प्रत्येकाला ३४ दाखवते. इतकं थंड पोर खरं तर दवाखान्यात न्यायला हवं, पण हरकत नाही, आत सोडा.

बाहेरची उदाहरणं तोंडपाठ असावीत. शिकागोत जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन वाढला, तेव्हा संघटनेच्या मतदानात ७३ टक्के शिक्षक म्हणाले, सध्या ऑनलाइन शिकवू. प्रशासनाने पाच दिवस वर्गच रद्द केले, ऑनलाइनसकट. मुलांच्या नुकसानीची कळकळ असावी तर अशी.

मोजणी मात्र उत्तर प्रदेशाकडून शिकावी. एप्रिल २०२१ च्या पंचायत निवडणुकीच्या ड्यूटीनंतर तिथल्या प्राथमिक शिक्षक संघाने १,६२१ मृतांची यादी दिली. शिक्षण खात्याचा आकडा: ३. भरपाईच्या नियमाप्रमाणे घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत मेला, तोच ड्यूटीवर मेला. विषाणूला अंगात बस्तान बसवायला चार-पाच दिवस लागतात, तोवर माणूस घरी पोचतोच. मग तो स्वतःच्या घरी, स्वतःच्या सवडीने मरतो. पुढे फार ओरड झाली म्हणून ही मुदत ३० दिवसांची केली. असला ढिलेपणा आपण दाखवू नये.

एवढं सगळं केलंत की शाळा उघडतेच. मग शाळेकडून पालकांचं संमतीपत्र येतं. त्यावर सही करू नका. आईंना शुगर आहे, पिंट्याला जरा सर्दीही वाटतेय. लिहून द्या: अजून पंधरा दिवस बघू, तोवर बाईंना ऑनलाइन घ्यायला सांगा.