हेडसेट घेताना गाणं लावू नका, फोन लावा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात वायरलेस हेडसेट मागा, काउंटरवरचा मुलगा आधी गाणं लावून देतो. धडधड बेस ऐकला की गिऱ्हाईक खूश आणि बॉक्स पिशवीत. पारखायची ही रीतच उलटी आहे, असं माझं ठाम मत आहे. गाणं आजकाल हजार-दीड हजाराच्या हेडसेटवरही बरं वाजतं. त्याच हेडसेटवरून पुण्याच्या ऑफिसात किंवा सुरतेच्या व्यापाऱ्याशी बोलायला घेतलं की समोरचा तीन-तीनदा "काय? काय म्हणालात?" करतो. आणि आपला माइक किती वाईट आहे हे आपल्याला स्वतःला कधीच ऐकू येत नाही, ते फक्त समोरच्याला कळतं. म्हणून कॉल आणि गाणी दोन्हींसाठी एकच वस्तू घ्यायची असेल, तर आधी ती कॉलवर पास झाली पाहिजे. गाण्याचं नंतर बघू.

मुळात ब्लूटूथमध्ये गाण्याचा आणि बोलण्याचा रस्ता वेगळा असतो. गाणं एटूडीपी नावाच्या रस्त्यानं येतं. तो एकेरी आहे, फोनकडून कानाकडे, म्हणून त्यात भरपूर जागा मिळते. कॉल लागला आणि माइक चालू झाला की हेडसेट एचएफपी नावाच्या दुसऱ्या रस्त्यावर जातो. तिथं आवाज जायचाही असतो आणि यायचाही, त्यामुळे दोन्हीकडून जागा अरुंद. आवाज बारीक करून पाठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जुन्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात. म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गळून पडतं, आणि 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटवणारा बराचसा भाग नेमका तिथंच असतो. नाव सांगताना 'स' की 'फ' हे दोनदा विचारावं लागतं ते यामुळे. त्यानंतर आलेल्या एमएसबीसी कोडेकमध्ये १६,००० नमुने असतात आणि बोलणं बरंच स्वच्छ येतं. बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात 'एचडी व्हॉइस' किंवा 'वाइडबँड स्पीच' असं लिहिलेलं शोधा, ते यासाठी.

एलई ऑडिओ आणि त्यातला एलसी३ कोडेक ही यापुढची पायरी. त्याचा पूर्ण आराखडा २०२२ मध्ये आला. त्यात बोलणंही चांगल्या दर्जाचं जातं, पण फोन आणि हेडसेट दोन्हीत ती सोय हवी. दुकानात "ब्लूटूथ ५.३ आहे, लेटेस्ट आहे" असं ऐकायला मिळेल. त्या आकड्यावरून एलई ऑडिओ आहे असं ठरत नाही आणि आवाज चांगला असेल असंही नाही. बॉक्सवर एलई ऑडिओ स्पष्ट लिहिलेलं असेल तरच आहे म्हणा.

आता खरा मुद्दा, माइक तोंडापासून किती लांब आहे.

अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा आवाज ६ डेसिबलनं उतरतो. काडीचा माइक, म्हणजे गालावरून तोंडापाशी येणारा बूम माइक, ओठांपासून साधारण ३ सेंटिमीटरवर असतो. कानातल्या बडचा माइक साधारण १२ सेंटिमीटरवर. म्हणजे अंतर चौपट, आवाज १२ डेसिबलनं कमी, ताकदीच्या हिशेबात सोळावा हिस्सा. आजूबाजूचा गोंगाट मात्र दोन्हींना सारखाच ऐकू येतो. बडमधलं सॉफ्टवेअर मग तो गोंगाट कापायला बसतं आणि कापताना तुमचं बोलणंही छाटतं. समोरच्याला तुम्ही पाण्याखालून बोलताय असं वाटतं, किंवा प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं. कितीही भारी चिप टाकली तरी हे अंतर तिला पूर्ण भरून काढता येत नाही.

सोलापुरात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त जाणवतो. पूर्व भागात घराच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग, एमआयडीसीत शेडच्या शेड, उन्हाळ्यात प्रत्येक खोलीत कूलर, एसटी स्टँडवर हॉर्न. यातला कूलरचा आवाज एकसारखा घरघरणारा, तो कापणं सॉफ्टवेअरला तुलनेनं सोपं जातं. मागाचा खटखटाट म्हणजे सेकंदाला कित्येक ठोके. प्रत्येक ठोका अचानक येतो, त्यात खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या मिसळलेल्या असतात, आणि तिथंच स्वस्त हेडसेटचं सॉफ्टवेअर गडबडतं. मागाच्या आवाजात राहून दिवसाला दोन तासांहून जास्त फोनवर ऑर्डर घेणाऱ्या माणसानं काडीच्या माइकचाच हेडसेट घ्यावा. दिसायला कॉल सेंटरवाला वाटेल, वाटू दे. धंद्यात दर एकदाच सांगितला आणि समोरच्याला तो एकदाच नीट कळला, यापेक्षा दुसरं काय हवं?

इथं दोन शब्दांची फार सरमिसळ होते. एएनसी तुमच्या कानासाठी असतं, बाहेरचा आवाज तुम्हाला कमी ऐकू यावा म्हणून. ईएनसी समोरच्याच्या कानासाठी, तुमच्या भोवतीचा गोंगाट त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. "नॉइज कॅन्सलेशन आहे का?" एवढंच विचारलंत तर दुकानदार "आहे" म्हणणार, आणि तो खोटंही बोलत नसेल. "कोणतं आहे?" असं विचारा. एएनसी रेल्वेच्या डब्यातली गुरगुर, बसचं इंजिन, पंखा, कूलर अशा खालच्या पट्टीतल्या सलग आवाजावर चांगलं चालतं. माणसांची बडबड आणि मागाची खटखट त्यानं फारशी थांबत नाही, ती थांबवतं कानात घट्ट बसलेलं रबर. म्हणून बॉक्समध्ये रबरांचे तीन मापं असतात ते तिन्ही लावून बघा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही. बसल्यावर बेस पातळ वाटला तर रबर सैल आहे, हेडसेटला दोष देऊ नका. 'चार माइक' म्हणजे बहुतेक वेळा प्रत्येक बडमध्ये दोन. माइक किती यापेक्षा ते कुठे आहेत, हे बघा. खाली दांडी असलेल्या बडचा माइक तोंडाच्या दिशेनं थोडा पुढे येतो, म्हणून गोल गुटगुटीत बडपेक्षा दांडीवाले कॉलला बरे.

नेकबँडबद्दल. दिवसात अर्धा-पाऊण तास कॉल, बाकी गाणी, असा वापर असेल तर माझी पसंती नेकबँडलाच. बॅटरी मोठी असते, बड हरवत नाही, एक बाजू चार्ज झाली आणि दुसरी राहिली हा प्रकार नाही. दोष एकच आणि तो मोठा आहे. माइक कॉलरजवळ लोंबतो. शर्टाच्या कॉलरला, ओढणीला किंवा उपरण्याला घासला की समोरच्याला खर्रर्र ऐकू येतं. बोलताना माइक असलेली बाजू बाहेर काढून ठेवायची सवय लावा. काहींमध्ये माइक बॅटरीच्या नळीत असतो, तो छातीपाशी जातो. तो प्रकार टाळा, माइक कानाकडे जाणाऱ्या वायरवर असेल तो घ्या.

हाडातून आवाज देणारे, कान उघडा ठेवणारे हेडसेट पहाटे चालायला जाणाऱ्यांना चांगले, कारण मागून येणारी गाडी ऐकू येते. गाण्यात बेस मात्र मिळणार नाही. दुचाकी चालवताना मात्र कानात काहीही नको, हेही आणि तेही.

दुकानात पाच मिनिटांची परीक्षा अशी घ्या. स्वतःच्या फोनला हेडसेट जोडा. घरच्या कुणालातरी साधा कॉल लावा, व्हॉट्सॲप कॉल नको, कारण त्यात नेटचा दोष मध्ये येतो. कॉल एचडी चाललाय ना ते स्क्रीनवर बघा. दोघांपैकी एक जण साध्या २जी नेटवर्कवर असेल तर चांगला हेडसेटही कोंदट वाटेल. दुकानाच्या आत एक ते वीस मोजा, मग बाहेर रस्त्यावर येऊन परत मोजा. डोकं डावी-उजवीकडे वळवत बोला. पंख्यासमोर उभं राहून बोला, म्हणजे वाऱ्याचा फडफडाट किती जातो ते कळेल. मध्येच पाच सेकंद गप्प राहा आणि मग बोला, पहिलं अक्षर कापलं जातंय का ते पलीकडच्याला विचारा. फोनच्या रेकॉर्डरवर आवाज रेकॉर्ड करून तपासू नका, बऱ्याच फोनमध्ये तो हेडसेटचा माइक न घेता फोनचाच माइक घेतो. आणि तुम्ही स्वतः नकळत ओरडून बोलताय का तेही बघा. कान पूर्ण बंद झाला की आपला आवाज डोक्यात घुमतो आणि माणूस ओरडायला लागतो. ज्यात स्वतःचा आवाज थोडा कानात परत येण्याची सोय, म्हणजे साइडटोन, आहे तो लांबलचक कॉलला दमवत नाही.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, हिच्यामुळे चांगले हेडसेट उगाच परत केले जातात. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की हेडसेटमधला सगळा आवाज अचानक डब्यातून आल्यासारखा होतो. बिघाड काही नसतो, माइक चालू झाल्यामुळे लॅपटॉपनं रस्ता बदललेला असतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडसेट आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आवाज परत भरदार होतो. खोली शांत असेल तेव्हा हे उत्तम. खोलीत कूलर असेल तर लॅपटॉपचा माइक तो सगळा उचलतो, मग हेडसेटचाच माइक ठेवा आणि गाणी मीटिंग संपल्यावर ऐका. रोजचे चार-पाच तास लॅपटॉपवर बोलण्यात जात असतील तर सोबत यूएसबी डोंगल येणारा बूम हेडसेट घ्या. फोन आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी जोडायचे असतील तर 'मल्टिपॉइंट' हा शब्द बघून घ्या. आठ उपकरणं लक्षात ठेवतो आणि दोन उपकरणांना एका वेळी जोडलेला राहतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाण्याच्या कोडेकवर मी फार शाई खर्च करणार नाही. आयफोन असेल तर एएसी पुरे, त्यावर एलडॅक आणि एपीटीएक्स चालतच नाहीत. अँड्रॉइडवर एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातो, पण गड्ड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत तोच पहिला अडखळतो. तेव्हा सेटिंगमध्ये जोडणीला प्राधान्य द्या. फोन मागच्या खिशात ठेवून आवाज तुटत असेल तर तो पुढच्या खिशात घ्या. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी आपल्या अंगातलं पाणी शोषून घेतं, एवढं साधं कारण असतं. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर, १० मिलिमीटरचा की १३चा, यावरून काही ठरत नाही.

बॅटरीचा आकडा वाचताना 'एकूण ४० तास' यात डबीतली बॅटरीही मोजलेली असते. बड एका चार्जवर किती चालतो ते विचारा, तेही कॉलवर. बोलताना माइक, सॉफ्टवेअर आणि दोन्ही दिशांचं प्रसारण चालू असल्यामुळे कॉलचा वेळ गाण्यापेक्षा बराच कमी भरतो. एएनसी लावलं की आणखी घट. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना हेडसेट गाडीच्या डिकीत किंवा कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि बंद डिकी त्याच्या सहज पुढे जाते. वर्षभरात बॅटरी निम्म्यावर आल्याच्या तक्रारीमागे अनेकदा हे कारण असतं.

घामाचं म्हणाल तर आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसेल. त्यातला 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणी दाखवलेलीच नाही. इथली धूळ आणि मागाच्या शेडमधली कापसाची तूस बघता आयपी५४ किंवा आयपी५५ असं दोन्ही आकडे असलेलं मिळालं तर तेच घ्या. डबीला हे रेटिंग बहुधा नसतं. घामेजलेला बड तसाच डबीत टाकला की मीठ चार्जिंगच्या पिनांवर चढतं आणि काही महिन्यांनी एक बाजू चार्ज होईनाशी होते. आधी कोरड्या सुती फडक्यानं पुसा, दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवा, मग डबीत.

आवाज किती ठेवायचा हेही काळजीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत अशी मर्यादा सांगितली आहे, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. मागाच्या खटखटाटावर मात करायला गाणं वाढवत नेणारी तरुण पोरं ही मर्यादा रोज ओलांडतात. शेडमध्ये कानात गाणी नकोत, कानाचं संरक्षण करणारे साधे प्लग हवेत. हे कामगारांना कुणीतरी समजावून सांगायला हवं, मालकांनी तर नक्कीच.

घेताना बॉक्सवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून नाव जुळतंय का ते तिथंच तपासा. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेलचं नाव लिहून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर आवडलं नाही म्हणून पैसे परत मिळतात, की खराब निघालं तरच बदलून मिळतं, हे आधी वाचा. कानात घालायच्या वस्तूंना अनेकदा दुसराच नियम लागू असतो.

आणि सहा महिन्यांनी एका बडचा आवाज बारीक झाला तर लगेच दुकानात धावू नका. बहुतेक वेळा जाळीत कानातला मळ बसलेला असतो. रबर काढा, जाळी खाली तोंड करून धरा आणि मऊ, कोरड्या टूथब्रशनं हलकेच झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. सुई किंवा टाचणी घालू नका, जाळी फाटली की मळ थेट ड्रायव्हरवर जातो.