सलीम अली अभयारण्यात दिवे लावायचे का?

काल कट्ट्यावर पार साडेदहापर्यंत भांडलो आम्ही, आणि विषय काय तर पुण्यातलं, येरवड्याला मुळा-मुठेच्या काठावर असलेलं डॉ. सलीम अली अभयारण्य. पक्षी सप्ताह चालू आहे ना, ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा, म्हणून म्हणलं बऱ्याच वर्षांनी जाऊन यावं, शाळेत असताना सरांबरोबर जायचो तिथे. गेलो तर राडारोड्याचे ढीग, बाभळीला अडकलेल्या पिशव्या, कुठेतरी कचरा जळतोय आणि नदीचा तो वास. पण गाळाच्या बेटावर हळदी-कुंकू बदकं होती, शेकाटे होते आणि चक्रवाकाची एक जोडी. एवढा हिमालय ओलांडून येतात ती आणि उतरतात कुठे तर आपल्या सांडपाण्यात, खरंच गलबलून आलं मला.

हे सांगितलं तर आमचा इंजिनिअर लगेच म्हणाला, "मग होऊ दे की सुधारणा! ट्रॅक, बाकडी, दिवे. माणसं यायला लागली की राडारोडा टाकणारे आपोआप पळतील. नदीकाठ सुधार प्रकल्पात संगम ते बंडगार्डन बघ काय केलंय."

मास्तर भडकले. "अरे तिथे दगडी काठ झालाय, पक्षी कुठे बसणार? शेकाट्याला घोट्याएवढं पाणी लागतं रे, चिखलात चोच घालून खातो तो. बंधारा घालून वर्षभर पाणी तुंबवलं की ती बेटंच बुडाली. २०२३ ला या प्रकल्पात जाणारी झाडं वाचवायला एवढी माणसं चिपको म्हणत रस्त्यावर उतरली ती काय उगीच?"

"आणि पाणी तुंबलं की काय होतं ते बघितलंय आपण," मी म्हणलं. फेब्रुवारी २०२४ ला मुंढवा-खराडीकडे नदीवर किड्यांचे वावटळीसारखे खांब उठले होते, सगळ्यांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ होता. घाण पाणी आणि जलपर्णी, दुसरं काय! म्हणजे आधी मैलापाणी शुद्ध करा, बाकीचं नंतर. माझं म्हणणं एवढंच होतं की तिथे काही नवीन बांधूच नका, राडारोडा उचला, नाल्याचं पाणी साफ करून सोडा, देशी झाडं राहू द्या आणि चिखलाला हात लावू नका. नाव अभयारण्य असलं तरी वन्यजीव कायद्याखाली तशी अधिसूचना नाहीये, निदान गणेशखिंडीतल्या बागेसारखा जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा तरी मिळू दे.

इथपर्यंत मास्तर आणि मी एका बाजूला होतो. मग आमचा रिक्षावाला मित्र, जो इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, "माझी पोरगी अकरावीला आहे, तिला पक्ष्यांचं वेड आहे, पण मी तिला एकटीला तिकडे सोडत नाही. दारूच्या बाटल्या पडलेल्या असतात. तुमचं पक्ष्यांचं सगळं बरोबर आहे हो, पण पोरीने बघायचे कसे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंजिनिअर म्हणाला, बघ, म्हणूनच दिवे पाहिजेत. मास्तर म्हणाले रात्री दिवे नकोतच, घुबडं आणि रातबगळे आहेत, पहाटे आणि संध्याकाळी दोन गार्ड ठेवा, त्यातली एक बाई असू दे, आणि अंधार पडला की गेट बंद. हे मला पटलं, सगळ्यात जास्त पटलं.

"गार्डचा पगार कोण देणार?" इंजिनिअर.

"अरे त्या प्रकल्पात ४४ किलोमीटर काठाला हजारो कोटी आहेत ना," रिक्षावाला म्हणाला, "त्यातनं दोन माणसांचा पगार निघत नसेल तर मग काय बोलायचं."

रविवारी सकाळी साडेसहाला त्याच्याच रिक्षातनं जायचं ठरलंय, पोरगी पण येणार आहे. मास्तर दुर्बीण आणतायत. इंजिनिअर पण येतो म्हणालाय, पण ट्रॅकचं त्याचं मत अजून तेच आहे.